अभयारण्याची सीमा आणि सीमेवरील गावे

भारतात आज एक हजाराहून अधिक संरक्षित क्षेत्रे आहेत. राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, संवर्धन राखीव क्षेत्रे आणि सामुदायिक राखीव क्षेत्रे अशा चार प्रकारांत विभागलेल्या या क्षेत्रांनी देशाच्या एकूण भूभागापैकी सुमारे पाच टक्के भाग व्यापला आहे. त्यांपैकी निर्मनुष्य अशी क्षेत्रे फारच थोडी. बहुतेकांच्या आत किंवा सीमेलगत गावे, पाडे आणि वस्त्या आहेत. तेथील रहिवाशांची चराई, सरपण, मध, तेंदूपत्ता, मोहफुले आणि शेती यांचा त्या जंगलाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे.

वन्यजीव संरक्षणाचे यश या रहिवाशांच्या सहकार्यावर अवलंबून असते, ही गोष्ट आता शासन, न्यायालये आणि अभ्यासक या सर्वांनीच मान्य केली आहे. तरीही अभयारण्याबद्दल स्थानिकांची भूमिका नेमकी कशावरून ठरते, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. एका ठिकाणी लोक वाघाच्या रक्षणासाठी विनामोबदला गस्त घालतात, तर दुसऱ्या ठिकाणी वनखात्याची वाहने अडवली जातात. देशाच्या निरनिराळ्या भागांतील अनुभव एकत्र ठेवून पाहिल्यास असे दिसते की, लोकांच्या मनात वन्यप्राणी आणि अभयारण्याची सीमा या दोन वेगळ्या बाबी असतात. प्राण्याशी जुळवून घेणारी गावेही सीमेला विरोध करतात. नुकसान कोणी सोसायचे, लाभ कोणाला मिळायचा आणि निर्णयापूर्वी कोणाला विचारायचे, या तीन गोष्टींवर हा विरोध कमी-अधिक होतो.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि पुढच्याच वर्षी व्याघ्रप्रकल्पाचा प्रारंभ झाला. पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत महाराष्ट्रातील मेळघाटाचा समावेश होता. या कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात स्थानिकांचे सर्व हक्क संपुष्टात येतात, तर अभयारण्यात काही हक्क चालू ठेवण्याची मुभा असते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्याने जाहीर उद्‌घोषणा करून लोकांचे दावे मागवावेत, त्यांची चौकशी करावी आणि मगच हक्कांबाबत निर्णय घ्यावा, अशी पद्धत कायद्याने घालून दिली आहे.

व्यवहारात मात्र अनेक राज्यांत अभयारण्य घोषित झाले आणि हक्कांची चौकशी वर्षानुवर्षे रखडली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रक्रिया एका वर्षात सुरू करून पूर्णत्वास नेण्याविषयी राज्यांना निर्देश दिले. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून वाळलेली लाकडे, गवत इत्यादी नेण्यास मनाई केली. ज्यांच्या हक्कांची नोंदच झाली नव्हती, त्यांची नित्याची कामे त्यामुळे अपराध ठरू लागली. ग्रामस्थ आणि वनखाते यांच्यातील तणावाचे मूळ बऱ्याच ठिकाणी या अपूर्ण राहिलेल्या कागदपत्रांत सापडते.

भरतपूरचा धडा

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव घना हे जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे पाणथळ क्षेत्र देशोदेशींच्या स्थलांतरित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९८१ मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला आणि १९८२ मध्ये तेथील चराई पूर्णपणे बंद करण्यात आली. आसपासच्या गावांच्या म्हशी पूर्वापार त्या पाणथळीत चरत असत. बंदीच्या विरोधात जमलेल्या ग्रामस्थांवर नोव्हेंबर १९८२ मध्ये पोलिसांनी गोळीबार केला. त्यात काही जणांचा मृत्यू झाला.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी सुमारे दहा वर्षे या उद्यानाचा अभ्यास केला. म्हशींचे चरणे थांबल्यावर पाणगवताची बेसुमार वाढ झाली, उघडे पाणी कमी झाले आणि अनेक जलपक्ष्यांना जागा अपुरी पडू लागली, असा निष्कर्ष त्यातून पुढे आला. ज्या चराईला उद्यानाचा शत्रू मानले गेले होते, तीच पाणथळ मोकळी ठेवत होती. कालांतराने ग्रामस्थांना गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली. वेड्या बाभळीचा उपद्रव वाढल्यावर ती काढण्याच्या कामातही गावांना सहभागी करून घेण्यात आले. उद्यानातील सायकल-रिक्षाचालक आज पर्यटकांना पक्ष्यांची नावे आणि सवयी सांगतात. तथापि, गोळीबाराची आठवण त्या गावांतून पुसली गेलेली नाही. म्हशींच्या मालकांना बंदीपूर्वी विचारले असते, तर पाणथळीविषयीची ही माहिती दहा वर्षे आधी मिळण्याची शक्यता होती.

माळढोक आणि सातबारा

महाराष्ट्रात सोलापूर व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांत पसरलेले माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. सोलापूरजवळील नान्नज येथील माळरान हे या अभयारण्याचे हृदय होते. मात्र अभयारण्याचे घोषित क्षेत्र होते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे अनेक जिल्ह्यांच्या क्षेत्रफळापेक्षाही अधिक. त्यातील बहुतांश जमीन शेतकऱ्यांच्या खासगी मालकीची होती. गावे, बाजारपेठा, रस्ते आणि कालवे हे सर्व कागदोपत्री अभयारण्याच्या आत आले.

परिणामी जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवाने, खाणकाम आणि लहानमोठे उद्योग यांवर निर्बंध आले. माळढोक पक्ष्याने शेतकऱ्याच्या पिकाची कधी हानी केली नव्हती. तो तर टोळ व किडे खाणारा पक्षी. पण स्वतःच्या सातबाऱ्यावरील जमिनीचा व्यवहार या पक्ष्यामुळे अडतो, अशी भावना गावोगावी रुजली. अखेर २०१२ च्या सुमारास अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. तोवर सिंचनाच्या सोयी वाढून पुष्कळ माळराने उसाखाली गेली होती आणि माळढोकाचे दर्शन दुर्मीळ झाले होते.

मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील करेरा येथेही असेच घडले. तेथून माळढोक नाहीसा झाल्यावरही गावांवरील निर्बंध कित्येक वर्षे कायम राहिले. या दोन्ही ठिकाणी सीमा आखताना पक्ष्याला प्रत्यक्षात किती आणि कोणते माळरान लागते याचा हिशेब झाला नाही. ज्यांच्या जमिनीवर तो वावरत होता, त्यांना त्याचे रक्षण करण्यात काही लाभ दिसावा अशी योजनाही नव्हती.

सिंह चालतो, रेषा चालत नाही

गुजरातमधील गीरचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. आशियाई सिंहांची संख्या २०२० मध्ये ६७४ होती, ती २०२५ च्या गणनेत ८९१ झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक सिंह संरक्षित वनाबाहेर, म्हणजे शेतशिवारात, नदीकाठच्या झाडीत आणि गावांच्या गायरानांत आढळतात. सिंह गुरे मारतात आणि क्वचित माणसांवरही हल्ला करतात. तरीही तेथील अनेक शेतकरी सिंहाचा वावर सहन करतात, काही तर त्याचे स्वागत करतात. रानडुकरे आणि नीलगायी पिकांचा फडशा पाडतात आणि सिंहामुळे त्यांचा वावर कमी होतो, हे त्यामागील एक साधे कारण. मारल्या गेलेल्या जनावराची भरपाई, उघड्या विहिरींना कठडे बांधण्याचे काम आणि सिंहाविषयीचा प्रादेशिक अभिमान यांचीही त्याला जोड आहे.

याच भागात सप्टेंबर २०२४ मध्ये गीरभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना प्रसिद्ध झाली, तेव्हा मात्र मोठा विरोध झाला. जुनागढ, अमरेली आणि गीर सोमनाथ या तीन जिल्ह्यांतील १९६ गावे त्या क्षेत्रात येणार होती. विहीर खोदणे, घर बांधणे, शेतात वीज घेणे यांसाठी वनखात्याची परवानगी लागेल अशी भीती ग्रामस्थांनी व्यक्त केली. मेळावे भरले, अनेक ग्रामपंचायतींनी विरोधाचे ठराव केले. सिंहाला आपल्या उसाच्या फडात आसरा देणाऱ्या शेतकऱ्यांचाही त्यात सहभाग होता. अधिसूचनेत नेमक्या कोणत्या कामांवर बंदी आहे आणि कोणती शेतीकामे पूर्ववत चालू राहतील, हे गावात जाऊन समजावून सांगण्याचे काम मागे पडले की अफवा पुढे जातात, असे या घटनाक्रमावरून दिसून आले.

एकच योजना, दोन निकाल

१९९६ ते २००४ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने भारतातील सात संरक्षित क्षेत्रांत परिस्थितिकी विकास प्रकल्प राबवण्यात आला. गीर, रणथंबोर, पेंच, पलामू, बक्सा, नागरहोळे आणि पेरियार ही ती सात क्षेत्रे. जंगलावरील अवलंबित्व कमी करण्यासाठी गावांना पर्यायी रोजगार देणे, हा प्रकल्पाचा हेतू होता. योजना एकच असूनही तिचे निकाल ठिकठिकाणी वेगळे लागले.

केरळमधील पेरियार येथे रानदालचिनीची साल चोरून नेणाऱ्या काही तरुणांनी शरणागती पत्करली. जंगलाच्या वाटा त्यांना तोंडपाठ होत्या. १९९८ पासून त्यांच्या समितीकडे पर्यटकांना पायी जंगलभ्रमण घडवण्याचे काम सोपवण्यात आले. त्यासोबत गस्तही आपोआप होऊ लागली. मन्नान आणि पळियन या आदिवासी समाजांतील मिरीउत्पादक व्यापाऱ्यांच्या कर्जात अडकलेले होते. त्यांच्या समित्यांनी मिरीची थेट विक्री सुरू केली आणि कर्जाचा विळखा सैल झाला. २००२ पासून ‘वसंत सेना’ या नावाने संघटित झालेल्या स्थानिक महिला आळीपाळीने जंगलात विनामोबदला गस्त घालू लागल्या. प्रकल्पाचा निधी संपल्यावरही काम चालू राहावे म्हणून पेरियारमध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले. पर्यटनातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा विनियोग त्यामार्फत होतो.

कर्नाटकातील नागरहोळे येथे चित्र उलटे होते. जेनू कुरुबा समाजाची नाळ मधाशी जोडलेली आहे. कन्नडमध्ये ‘जेनू’ म्हणजेच मध. राष्ट्रीय उद्यानाच्या स्थापनेनंतर या समाजातील अनेक कुटुंबांना जंगलातून बाहेर पडावे लागले. त्याच सुमारास उद्यानाच्या आत एका मोठ्या हॉटेल समूहाचे पर्यटक निवास उभारण्याचे काम सुरू झाले. आदिवासींना सरपणाला मज्जाव आणि पर्यटकांना मात्र जंगलाच्या मध्यभागी मुक्काम, हा भेद त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. आंदोलन झाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते बांधकाम रोखले. या पार्श्वभूमीवर आलेल्या विकास प्रकल्पाकडे आदिवासी संघटनांनी विस्थापनाचे साधन म्हणूनच पाहिले. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. मे २०२५ मध्ये जेनू कुरुबा समाजातील पन्नासच्या आसपास कुटुंबे वनहक्काचा दावा सांगत नागरहोळेमधील आपल्या जुन्या वस्तीच्या जागी परतली.

हक्क मिळाल्यानंतर

२००४-०५ मध्ये राजस्थानच्या सरिस्का अभयारण्यातील सर्व वाघ नाहीसे झाल्याचे उघडकीस आले आणि देशभर खळबळ उडाली. त्यानंतर केंद्र सरकारने सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृतिदल नेमले. वाघांभोवती राहणाऱ्या लोकांना सोबत घेतल्याविना वाघ वाचणार नाहीत, असे प्रतिपादन कृतिदलाने २००५ च्या आपल्या अहवालात केले. पुढच्याच वर्षी वनहक्क कायदा संमत झाला. संरक्षित क्षेत्रांतील वैयक्तिक आणि सामूहिक हक्कांनाही या कायद्याने मान्यता दिली. गावाचे स्थलांतर करायचे झाल्यास ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवण्यात आली.

या कायद्याचा एक महत्त्वाचा प्रयोग कर्नाटकातील बिळिगिरी रंगनाथस्वामी टेकड्यांत झाला. तेथील सोलिगा आदिवासी मध, आवळे आणि दगडफूल गोळा करून निर्वाह करीत. १९७४ मध्ये अभयारण्य झाले आणि २००६ च्या सुमारास वनोपज गोळा करून विकण्यावर बंदी आली. २०११ च्या प्रारंभी हे क्षेत्र व्याघ्रप्रकल्प घोषित झाले, तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २५ ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात असे हक्क मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानंतरच्या २०१४ च्या गणनेत तेथील वाघांची संख्या वाढलेली आढळली. माणसांना हक्क दिल्यास वाघ नष्ट होतील, ही शंका निदान येथे तरी खरी ठरली नाही.

सोलिगांच्या अनुभवातून आणखी एक मुद्दा पुढे येतो. पूर्वी ते हिवाळ्याच्या अखेरीस पालापाचोळा हलकेच जाळत. या प्रथेला ‘तरगु बेंकी’ म्हणतात. ती बंद झाल्यापासून जंगलात घाणेरीचे रान माजले, वन्यप्राण्यांचा चारा घटला आणि उन्हाळ्यातील वणवे अधिक भयंकर झाले, असे सोलिगांचे म्हणणे आहे. अभ्यासकांनीही त्याची गंभीर दखल घेतली आहे. भरतपूरच्या म्हशींची कथा येथे निराळ्या रूपात पुन्हा दिसते.

ताडोब्याभोवतीचा दैनंदिन धोका

लाभाचे वाटप आणि जीविताचा धोका यांचा मेळ घालणे किती कठीण आहे, हे चंद्रपूर जिल्ह्यात दिसते. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्लीसारख्या प्रवेशद्वारांवर स्थानिक तरुण-तरुणी मार्गदर्शक म्हणून काम करतात. वाहनचालक, निवासव्यवस्था आणि खानावळी यांतूनही गावात पैसा येतो. व्याघ्रप्रकल्पांच्या बफर क्षेत्रातील गावांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू केली. तिच्यातून स्वयंपाकाचा गॅस, सौर कुंपण यांसारख्या सोयी पुरवल्या जातात. सरपणासाठी जंगलात जावे लागू नये, हा त्यामागील उद्देश.

परंतु प्रवेशद्वारापासून दूर असलेल्या गावांना पर्यटनाचा लाभ क्वचितच पोहोचतो आणि वाघ मात्र तेथेही पोहोचतो. प्रकल्पाबाहेरील ब्रह्मपुरी परिसरात वाघांची संख्या मोठी आहे. एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात वाकून पाने तोडणाऱ्या महिला या काळात सर्वाधिक धोक्यात असतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास महाराष्ट्रात वारसांना आता २५ लाख रुपये देण्यात येतात. ही रक्कम मोठी असली, तरी ज्या घराची पावसाळ्यापूर्वीची रोकड पानाच्या पुड्यांवर अवलंबून आहे, त्या घरातील दुसऱ्या व्यक्तीला पुढच्या हंगामात पुन्हा त्याच जंगलात जावे लागते. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा वेळेवर न होणे आणि कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावे लागणे, या तक्रारीही लोकांच्या रोषात भर घालतात.

मेळघाटात कोरकू समाजाच्या अनेक गावांचे पुनर्वसन झाले आहे. व्याघ्रप्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला पूर्वी एक लाख रुपये मिळत. २००८ मध्ये ही रक्कम दहा लाख आणि २०२१ मध्ये पंधरा लाख करण्यात आली. शाळा, दवाखाना, रस्ता जवळ आल्याने समाधानी असलेली कुटुंबे आहेत. पैसा संपला आणि शेतीही रुजली नाही म्हणून जुन्या गावाकडे परत निघालेलीही आहेत. दुसरीकडे, मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ओसाड टेकड्या पुन्हा हिरव्या केल्या आणि सीताफळांच्या विक्रीतून उत्पन्न मिळवले. २०१४ च्या भारत जैवविविधता पुरस्काराने या कार्याचा गौरव झाला.

गावानेच आखलेली सीमा

ईशान्य भारतात बहुतांश जंगल समाजाच्या मालकीचे आहे. नागालँडमधील अंगामी समाजाच्या खोनोमा गावात शिकार हा जीवनाचा भाग होता. १९९८ मध्ये तेथील ग्रामपरिषदेने ट्रॅगोपान या दुर्मीळ पक्ष्याच्या रक्षणासाठी स्वतःचे अभयारण्य घोषित केले आणि शिकारबंदीचा नियमही स्वतःच केला. त्याच राज्यात दोयांग जलाशयाजवळ २०१२ मध्ये अमूर ससाण्यांची प्रचंड प्रमाणावर हत्या झाल्याचे जगासमोर आले. मात्र पांगती आणि शेजारच्या गावांनी संघटनांशी व चर्चशी विचारविनिमय करून पुढच्याच वर्षी ती पूर्णपणे थांबवली. २०१३ मध्ये उपग्रह संदेशक बसवून सोडलेल्या एका ससाण्याला ‘पांगती’ हेच नाव देण्यात आले. वन्यजीव कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्रांची तरतूद झाली. अशी बहुतेक क्षेत्रे आज नागालँड आणि मेघालयात आहेत. तेथे सीमा लोकांच्या संमतीनेच आखली जाते.

हा मार्ग सर्वत्र जसाच्या तसा लागू पडणार नाही. वाघ आणि हत्ती यांना विस्तीर्ण, सलग जंगल लागते आणि काही जागा माणसांच्या वावरापासून मुक्त ठेवाव्या लागतात, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे रास्त आहे. ग्रामसभांतही मतभेद असतात. मार्गदर्शकाची नोकरी मिळालेल्या तरुणाला हवे असणारे अभयारण्य गुरे राखणाऱ्या त्याच्याच काकाला नकोसे असू शकते. ‘स्थानिक जनता’ असा एकवचनी उल्लेख करताना ही भिन्नता नजरेआड होते.

तथापि, या सर्व उदाहरणांतून प्रशासनाच्या आवाक्यातील काही बाबी स्पष्ट होतात. अधिसूचनेचा मसुदा गावाच्या भाषेत आणि गावाच्या चावडीवर वाचला जावा. हक्कांची चौकशी सीमा निश्चित होण्यापूर्वी पूर्ण व्हावी. मेलेल्या गाईचा पंचनामा त्याच आठवड्यात व्हावा. पर्यटनाच्या उत्पन्नातील वाटा प्रवेशद्वारापासून दूरच्या गावालाही मिळावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या कायद्याची गरज नाही. त्या वेळेवर झाल्या की नाही यावर, पुढील काळात सीमेवरील गावे वनरक्षकाला वाघाची बातमी देतील की त्याच्यापासून लपवतील, हे ठरणार आहे.